औषध दुकानांतील कष्टकरी : साहाय्यता निधी आणि सामाजिक सुरक्षितता

(पुरानी बस्ती, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

रायपूरची पुरानी बस्ती दानाच्या परंपरेला अपरिचित नाही. महामाया मंदिर, जुने तलाव आणि नागपूरकर भोसल्यांचा आश्रय लाभलेला दूधाधारी मठ यांच्या भोवती हा परिसर वाढला. या मठाचे महंत वैष्णवदास यांच्या दानातून स्वातंत्र्यानंतर शहरात संस्कृत महाविद्यालय व मुलींचे महाविद्यालय उभे राहिले. याच वस्तीला लागून असलेल्या लाखे नगराला वामनराव लाखे (१८७२-१९४८) यांचे नाव आहे. माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ या १९०० साली निघालेल्या मासिकाचे ते प्रकाशक होते. पुढे, १९१२ च्या सहकारी संस्था कायद्याने मध्यवर्ती बँकांचा मार्ग मोकळा केल्यावर, १९१३ साली त्यांनी रायपुरात सहकारी बँक उभारली. मराठी मातृभाषेच्या या दोन गृहस्थांनी छत्तीसगढच्या सार्वजनिक जीवनात केलेले काम मोठे आहे. प्रस्तुत विषयापुरता त्यातील एक धागा पुरेसा आहे. मठाचे दान आणि लाख्यांचा सहकार या मदतीच्या दोन निराळ्या पद्धती होत. दानात देणारा एक आणि घेणारा दुसरा असतो. सहकारात आज देणारा तोच उद्या घेणारा असतो, म्हणून नियम आधी ठरवावे लागतात.

औषधांच्या दुकानांत काम करणाऱ्यांवर संकट कोसळते तेव्हा त्यांच्या कुटुंबांना मदत कोणी, कोणत्या स्वरूपात आणि केव्हा करावी, या प्रश्नाकडे हा भेद ध्यानात ठेवून पाहणे आवश्यक आहे.

दुकानातील तीन प्रकारची माणसे

जुन्या वस्तीतील ‘मेडिकल’ म्हणजे बहुधा घराच्या तळमजल्यावरील एक खोली. किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. अनेक दुकाने याहून फार मोठी नसतात. त्यांत तीन प्रकारची माणसे आढळतात. पहिला मालक, जो स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट असतो किंवा नसतो. दुसरा पगारी फार्मासिस्ट, ज्याचे नाव परवान्यावर असते. तिसऱ्या प्रकारात काउंटरवर औषधे काढून देणारे, घाऊक बाजारातून माल आणणारे, सायकलीवरून किंवा दुचाकीवरून घरपोच औषधे पोचविणारे कामगार येतात. फार्मसी अधिनियम, १९४८ मधील नोंदवहीत पहिल्या दोघांची नावे असू शकतात. तिसऱ्याचे नाव कोणत्याही व्यावसायिक नोंदवहीत नसते. दुकान चालविण्याचा भार मात्र त्याच्यावरही तितकाच असतो.

या तिघांपैकी कोणीही अकस्मात दगावल्यास अथवा अंथरुणाला खिळल्यास काय घडते? सर्वसाधारण किराणा दुकानात मालक गेला तर पत्नी किंवा मुलगा दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसू शकतो. औषधांच्या दुकानात तसे करता येत नाही. कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपविले आहे, व ते योग्यच आहे. दुकानाची घटना बदलली, म्हणजे भागीदार गेला किंवा मालकी दुसऱ्याकडे आली, तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने ग्राह्य धरला जातो. तेवढ्या काळात नव्या नावाने परवाना घ्यावा लागतो. घरात कोणी फार्मासिस्ट नसेल तर पगारी फार्मासिस्ट शोधावा लागतो.

दरम्यान माल कपाटात पडून असतो. औषधाला मुदत असते. मुदत टळलेले औषध विकता येत नाही. ते घाऊक विक्रेत्याकडे परत जाणे पुष्कळदा व्यवहारातील ओळखीवर अवलंबून असते, आणि ती ओळख मृत व्यक्तीची असते. गल्लीतील लोकांकडे असलेली उधारी वहीत लिहिलेली असते, पण ती वसूल करण्याची भीड विधवेला पडते. घाऊक विक्रेत्यांची देणी मात्र ठरल्या तारखेला दारात येतात. अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार त्याच्या खरेदी किमतीच्या १६ टक्के इतका धरलेला आहे. त्यातून भाडे, वीज, पगार व व्याज वजा जाता शिल्लक बेताचीच राहते. तेव्हा साठलेल्या मालाची किंमत घटणे म्हणजे कुटुंबाची बहुतेक बचत घटणे होय. अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे उत्पन्नाचा प्रवाह आणि मालमत्तेचे मूल्य ही दोन्ही एकाच दिवशी आटू लागतात. या व्यवसायातील कुटुंबांची हलाखी इतर छोट्या दुकानदारांपेक्षा वेगळी ठरते ती या कारणाने.

काउंटरवरच्या कामगाराच्या घरी मालमत्तेचा प्रश्नच नसतो. तेथे फक्त पगार असतो आणि तो त्या महिन्यापासून थांबतो.

लंडनचा १८४१ चा निधी

या व्यवसायाने आपल्या माणसांसाठी निधी उभारण्याची कल्पना जुनी आहे. १८४१ साली लंडनमध्ये फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन स्थापन झाली. जेकब बेल हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख. १८४३ च्या राजसनदेत शिक्षण व व्यवसायरक्षण यांच्याबरोबरच अडचणीत आलेले सभासद, त्यांच्या विधवा व अनाथ मुले यांच्या मदतीसाठी निधी ठेवणे हेही संस्थेचे प्रयोजन म्हणून नोंदविले गेले. शिक्षणाचा दर्जा वाढविणे आणि विधवांची सोय पाहणे ही दोन्ही कामे एकाच सनदेत यावीत, हे लक्षणीय आहे. त्या निधीची परंपरा आज ‘फार्मासिस्ट सपोर्ट’ या स्वतंत्र धर्मादाय संस्थेच्या रूपाने चालू आहे. ती फार्मासिस्ट, प्रशिक्षणार्थी व विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे यांना आर्थिक व अन्य साहाय्य देते.

त्या काळातील इंग्लंडमधील साहाय्यता संस्थांचा एक दोष मात्र विसरता येत नाही. कित्येक संस्थांत वार्षिक वेतन कोणाला द्यावयाचे हे वर्गणीदारांच्या मतदानाने ठरे. परिणामी निराधार विधवेला आपल्या दुःखाची पत्रके छापून मते मागत फिरावे लागे. ज्यांच्या ओळखी दांडग्या, त्यांना मते अधिक. ही पद्धत तिथे टीकेचा विषय झाली व कालांतराने मागे पडली.

आपल्याकडे तिने निराळ्या रूपात पुनर्जन्म घेतला आहे. एखादा सहकारी गेला की मृताचे छायाचित्र, मुलांची नावे व बँक खात्याचा क्रमांक असलेला संदेश भ्रमणध्वनीवरून फिरतो. दोन-तीन दिवस पैसे जमा होतात, मग थांबतात. देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याचा मित्रपरिवार मोठा त्याच्या घरी अधिक रक्कम जाते, आणि घाऊक गोदामात पेट्या उचलणाऱ्याच्या घरी जवळजवळ काहीच जात नाही. गरज आणि मदत यांचे प्रमाण येथे पुष्कळदा व्यस्त असते.

महामारीचा धडा

२४ मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीच्या आदेशात औषध दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून उघडी ठेवण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र शासनाने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना जाहीर केली. तिचा लाभ सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होता. त्यांत सार्वजनिक आरोग्य सेवक, आशा कार्यकर्त्या तसेच कोविड कामासाठी नेमलेले खासगी रुग्णालयांतील कर्मचारी येत. काउंटरवर ताप-खोकल्याच्या रुग्णांना समोरासमोर औषधे देणारा दुकानातील कामगार त्या व्याख्येत बसला नाही. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने त्याचा समावेश व्हावा अशी मागणी केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निर्णयानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कोविडने मृत्यू पावलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या वारसांना ५०,००० रुपये सानुग्रह साहाय्य निश्चित केले. दुकानातील कामगारांच्या कुटुंबांना शासकीय मदतीचा हा मार्ग खुला झाला.

महामारीने आणखी एक गोष्ट दाखविली. स्थानिक साहाय्यता निधी एकेकट्या दुर्घटनेला तोंड देऊ शकतो. पाचशे सभासदांपैकी वर्षात दोघे-तिघे गेले तर उरलेल्यांच्या वर्गणीतून भागते. पण एकाच महिन्यात, एकाच शहरात, एकाच कारणाने अनेक घरांवर संकट आले तर वर्गणी देणारेच मागणारे होतात. ही सामूहिक जोखीम होय. ती पेलण्यासाठी जोखमीचे क्षेत्र शहराबाहेर, राज्याबाहेर पसरलेले असावे लागते. ते काम राष्ट्रीय विमा आणि शासन यांचेच आहे. गल्लीतील निधीने ते अंगावर घेऊ नये.

कायद्याचा उंबरठा

दुकानातील कामगार कायद्याच्या छत्राबाहेर का राहतो, याचे उत्तर बहुतांशी एका आकड्यात आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही अन्य तीन श्रम संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार कर्मचारी राज्य विमा व उपदान यांसाठी आस्थापनेत सर्वसाधारणपणे १० कामगार असावे लागतात, भविष्य निर्वाह निधीसाठी २०. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये करण्यात आली. दुकानातील कामगाराचे वेतन सहसा या मर्यादेच्या आत असते. तो बाहेर पडतो तो वेतनामुळे नव्हे, तर शेजारी काम करणाऱ्यांची संख्या कमी असल्यामुळे. छत्तीसगढमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हाही १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरता आहे. पूर्वीचा १९५८ चा कायदा लहान दुकानांनाही लागू होता. छोट्या दुकानदारावरील कागदपत्रांचा भार कमी व्हावा हा बदलामागील हेतू समजण्यासारखा आहे. त्याची किंमत चार कामगारांच्या दुकानातील चौथ्या माणसाने मोजावी का, हा प्रश्न मात्र उरतो.

संहितेत दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने कर्मचारी राज्य विम्यात येता येते. या तरतुदीची माहिती बाजारपेठांत फारशी नाही. व्यापारी संघटनांनी दातृत्वाचे फलक लावण्याआधी या तरतुदीचा वापर करून पाहावा, असे म्हणणे अप्रस्तुत होणार नाही.

संख्येची अट नसलेल्या योजनाही आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वर्षे वयात प्रवेश मिळतो. जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अपघाती विम्याचा हप्ता २० रुपये असून ती ७० वर्षांपर्यंत आहे. दोन्हींत मृत्यूनंतर प्रत्येकी २ लाख रुपये मिळतात. असंघटित कामगारांची नोंद करणारे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. आजारपणासाठी सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत योजना आहे. छत्तीसगढ शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजनेत अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ५ लाखांपर्यंत, तर इतरांना ५०,००० रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण ठेवलेले होते.

आता हिशेब करून पाहू. दोन्ही विम्यांचे मिळून एका कामगारामागे वर्षाला ४५६ रुपये होतात. चार कामगारांच्या दुकानाला १,८२४ रुपये, म्हणजे महिन्याला १५२ रुपये. मृत्यूनंतर एखाद्या कुटुंबाला २ लाख रुपये गोळा करून देण्यासाठी दोनशे जणांना प्रत्येकी हजार रुपये द्यावे लागतील. तेच साध्य हप्ता वेळेवर भरल्याने होते. तरीही हप्ता चुकतो. वर्ष १ जून ते ३१ मे असे धरले जाते, मे अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक नसते आणि विमा खंडित होतो. कित्येक घरी विमा असूनही वारसाला त्याचा पत्ता नसतो.

दातृत्वाची जागा

एवढ्या योजना असताना साहाय्यता निधीला काय काम उरते, असे कोणी विचारील. उरते, आणि ते महत्त्वाचे आहे. विम्याची रक्कम मृत्यूच्या दाखल्यानंतर, बँकेच्या व विमा कंपनीच्या कागदपत्रांनंतर येते. परवान्याचे काम तीन महिन्यांत उरकावे लागते. शाळेचे शुल्क, घरभाडे आणि किराणा यांना धीर नसतो. हे पहिले तीन महिने हीच साहाय्यता निधीची खरी जागा आहे. या काळात हाती पैसा नसला तर कुटुंब माल पडेल त्या भावाने विकते, दागिने गहाण टाकते किंवा मुलाला शाळेतून काढून दुसऱ्याच्या काउंटरवर उभे करते. पुढे आलेल्या दोन लाखांनी हे नुकसान भरून निघत नाही.

उदाहरणादाखल, ५०० दुकाने दरमहा १०० रुपये देतील तर वर्षाला ६ लाख रुपये जमा होतात. एका कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये याप्रमाणे तीन महिन्यांचे ४५,००० होतात. वर्षात पाच कुटुंबांवर वेळ आली तरी खर्च सव्वादोन लाखांच्या आत राहतो. उरलेल्या रकमेतून राखीव निधी ठेवून पावणेचारशे कामगारांचे दोन्ही विम्यांचे हप्ते भरले तरी सुमारे १ लाख ७१ हजार रुपये लागतात. आकडे काल्पनिक आहेत, पण प्रमाण ध्यानात यावे.

या निधीचे दुसरे काम पैशाचे नाही. बंद पडलेल्या दुकानातील माल मुदत टळण्यापूर्वी घाऊक विक्रेत्यांकडे परत जाईल, तीन महिन्यांसाठी एखादा नोंदणीकृत फार्मासिस्ट उपलब्ध होईल, परवान्याचा अर्ज वेळेत दाखल होईल, एवढे व्यापारी संघटनेने केले तरी कुटुंबाची निम्मी अडचण दूर होते. हे काम शासन करू शकत नाही आणि विमा कंपनी करणार नाही. व्यवसायातील माणसेच ते करू शकतात.

वर्गणी ऐच्छिक ठेवली की अर्थशास्त्रात जिला प्रतिकूल निवड म्हणतात ती अडचण येते. तरुण व धडधाकट माणूस बाहेर राहतो, आजारी माणूस आधी येतो. वकिलांनी यावर उपाय शोधला आहे. अधिवक्ता कल्याण निधी अधिनियम, २००१ नुसार प्रत्येक वकालतनाम्यावर पाच किंवा दहा रुपयांचा कल्याण मुद्रांक लावावा लागतो व ती रक्कम निधीत जाते. औषध व्यवसायातही अशी जागा आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून औषध विक्रीचा परवाना दर पाच वर्षांनी शुल्क भरून कायम ठेवावा लागतो. त्या वेळी अल्पशी कल्याण वर्गणी घेता येईल.

पण वकिलांच्या उदाहरणात एक उणीव आहे. तो निधी वकिलांचा आहे, त्यांच्या कारकुनांचा नव्हे. लंडनच्या निधीचा रोखही फार्मासिस्टांकडेच राहिला. परवान्यावर आधारित निधी काढला तर तोही मालक व फार्मासिस्ट यांच्यापुरता राहण्याचा धोका आहे. या बाबतीत महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ अधिक मार्गदर्शक ठरतो. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या हमालांची नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरतात आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय होते. मालक लहान असला तरी कामगारांचा समूह मोठा होतो, हे या कायद्याचे मर्म. केरळने २००६ मध्ये दुकाने व व्यापारी आस्थापनांतील कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण निधी कायदा केला. तेथे मालक व कामगार दोघेही वर्गणी देतात. नव्या संहितेतही असंघटित कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी, कामावरील इजा, निवास, मुलांचे शिक्षण अशा योजना आखण्याचे काम राज्यांकडे सोपविले आहे. तेव्हा छत्तीसगढला वा अन्य राज्यांना अधिकाराचा अभाव नाही.

सर्वांत बिकट प्रश्न वयाचा आहे. अटल पेन्शन योजना आणि प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन या दोन्ही निवृत्तिवेतन योजनांचे प्रवेशद्वार ४० व्या वर्षी बंद होते. जीवन ज्योती विम्यात ५० नंतर प्रवेश नाही व ५५ नंतर संरक्षण नाही. पंचवीस वर्षे एकाच काउंटरवर उभा राहिलेला, डॉक्टरांचे अक्षर मालकाहून लवकर वाचणारा, पण नावापुढे पदविका नसलेला ५६ वर्षांचा कामगार आजारी पडला तर अपघात विम्याखेरीज हप्त्याचे कोणतेही कवच त्याला नाही. उपचार शासकीय योजनेतून होतील, घरखर्चाचे काय? प्रत्येक घरासाठी रकमेची मर्यादा नियमाने ठरविल्यावरही या गटासाठी निधीत वेगळा हिस्सा ठेवावा लागेल. तो वर्गणीच्या हिशेबात बसणार नाही. त्यासाठी घाऊक व्यापारी, औषध कंपन्या आणि वस्तीतील दानशूर घराणी यांच्याकडे जावे लागेल. अर्ज कोणाकडे करावयाचा, किती दिवसांत निर्णय व्हावा आणि नकार दिल्यास कारण लेखी मिळावे, एवढे तीन नियम पहिल्याच सभेत लिहून काढले, तर दुकानांतील कामगारांची यादी तयार करण्याचे काम दुसऱ्या दिवशी सुरू करता येईल. आज ती यादी कोणाकडेच नाही.